थांबला तो ट्रक

प्रवासवर्णनात निदान कुणीतरी प्रवास करावा, अशी वाचकाची माफक अपेक्षा असते. लांब पल्ल्याच्या ट्रकचं प्रवासवर्णन लिहायला घेतलं की ती पहिल्याच पानावर पंक्चर होते. कारण ट्रक मुख्यतः उभा राहतो. मधूनमधून चालतो तो पुढच्या जागी जाऊन उभं राहता यावं म्हणून. हे चेष्टेचं वाटेल, पण त्याला सरकारी पुरावा आहे. माल भरला की ई-वे बिल काढावं लागतं आणि अंतर पाहून त्याला मुदत मिळते. १ एप्रिल २०१८ला ही पद्धत आली तेव्हा दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळत असे. १ जानेवारी २०२१पासून तेवढ्याच दिवसात २०० किलोमीटर काटायचे ठरले. म्हणजे भिवंडीच्या गोदामातून निघालेल्या मालाला सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या कोलकात्यापर्यंत दहा दिवस. चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची मुभा आहे. त्या हिशेबाने २०० किलोमीटर अडीच तासांत संपतात. उरलेले साडेएकवीस तास कुठे जातात, हे सरकारने विचारलेलं नाही. त्याला ठाऊक असणार.

गाडी गोदामाच्या फाटकाला पहाटे लागते. आधी नंबर, मग वजनकाटा, मग मुकादमाचा शोध, मग हमाल, मग ताडपत्री नि रस्सा, आणि सरतेशेवटी बिल्टी. बिल्टीवर सही करणारा माणूस नेहमी नुकताच जेवायला गेलेला असतो. आषाढीच्या पालखीचे मुक्काम तारीखवार आधी छापून येतात. ट्रकचा मुक्काम कुठे नि किती दिवस पडेल, हे खुद्द पांडुरंगालाही सांगता यायचं नाही. नागपूर, रायपूर, संबळपूर करत गाडी कोलकात्याच्या वेशीवर पोचते, तर तिथे दिवसा अवजड वाहनांना मज्जाव. रात्री आत शिरावं, तर गोदामाला कुलूप. माल उतरवायला वाराईवरून, म्हणजे हमालीच्या पैशांवरून, घासाघीस, आणि उतरल्यावर रिटर्नचं भाडं मिळेपर्यंत ढाब्यावरची खाट. एवढ्यात ई-वे बिलाची घटका भरत आली, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळते. फक्त कारण द्यावं लागतं. नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, अपघात अशी भारदस्त कारणं यादीत आहेत. मुकादमाची दुपारची झोप त्यांपैकी कशात बसवायची, हा तसा अभ्यासाचा विषय. पण ‘इतर’ नावाची सोय आहे.

यात हसण्याजोगं पुष्कळ असलं, तरी बिल ज्याच्या नावाने फाटतं तो माणूस हसत नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि कामाचे तास म्हणजे काय, हेही सांगितलं. त्या व्याख्येत मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं हजर राहणं कामात धरलं गेलं, पण पंधरा मिनिटांहून कमी असेल तर! चौदा मिनिटं ताटकळलात तर तुम्ही कामगार. चौदा तास ताटकळलात तर, बहुधा, पर्यटक. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरचा हिशेब ट्रिपवर होतो. उभ्या गाडीचं हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मिळालंच तर ते मालकाच्या खात्यात जातं. मग फाटकावर गेलेला दिवस रात्रीच्या झोपेतून वसूल होतो. ट्रिपचं डिझेलही पुष्कळदा मोजून मिळतं, वाचेल ते आपलं. म्हणून बोरघाटात किंवा पुण्याच्या नवले पुलाकडच्या उतारावर गाडी न्यूट्रल करायचा मोह होतो. इंजिन गाडीला मागे ओढून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘भरधाव ट्रक’ छापून येतो. त्याच्या आदले तीन दिवस तो ट्रक जागचा हललेला नव्हता, ही बातमी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे जुनं रडगाणं झालं. २०१७ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, फास्टॅगने टोलची रांग आखडली, आणि २०२५ला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पुरा झाला. सगळं खरं, आणि चांगलंच. पण यातली प्रत्येक सुधारणा रस्त्यावरची आहे, नि तुंबलेलं असतं फाटक. त्यामुळे नागपूरला लवकर पोचून तिथे जास्त वेळ उभं राहण्याची सोय झाली, एवढंच. ड्रायव्हरच ढाब्यावर लोळत पडतात, हा दुसरा आक्षेप. लोळतात, पण ज्याला रात्रभर चालवायचं आहे त्याने दुपारी लोळू नये असं म्हणणाऱ्याने त्याच्या पुढ्यातून आपली मोटार हाकून पाहावी. तिसरा आक्षेप थंड हवेचा: १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चालत्या गाडीत ते मोठंच सुख. उभ्या गाडीत मात्र एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, इंजिन डिझेल पितं, आणि डिझेल मोजून मिळालेलं असतं. तेव्हा एसी बंद करून ड्रायव्हर पूर्वीसारखाच गाडीखालच्या सावलीत पथारी टाकतो. डोळा लागतो न लागतो तोच मुकादम येऊन म्हणतो, “गाडी जरा चार फूट पुढे घे रे.”