चंद्र थांबेल दहा मिनिटं

आमच्या सोलापुरात आकाश आधी छापून येतं आणि मग उगवतं. दाते पंचांग याच गावातून निघतं. लक्ष्मणशास्त्री दात्यांनी सुरू केलेल्या या कामाला शंभर वर्षं उलटून गेली. शनी कधी वक्री होणार, कुठली तिथी क्षय पावणार, चंद्र कोणत्या रात्री कुठल्या नक्षत्रात मुक्कामाला असणार, हे सगळं आमच्या गावात ठरतं अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. ठरत नाही, मोजलं जातं, हे कळायला बरीच वर्षं गेली. पण समजूत तरी का होऊ नये? मंगळवार पेठेत सामान घ्यायचं, शुक्रवार पेठेत मामाकडे जेवायला जायचं, असा आमचा दिनक्रम. मंगळ-शुक्राची युती आम्ही पायी चालत, हातात पिशवी घेऊन, आठवड्यातून दोनदा घडवून आणत होतो.

पंचांगाच्या या गावात राहून माझी आई मात्र संकष्टीचा चंद्रोदय पाही तो एका औषध कंपनीच्या कॅलेंडरवर. ते मुंबईहून मावशी पाठवायची. त्यावर गणपतीचं चित्र फार प्रसन्न होतं, आणि ज्याचा उपास त्याच्याच चित्राखाली छापलेली वेळ खोटी कशी असेल, असा आईचा साधा सवाल. वेळ खोटी नव्हतीच, ती मुंबईची होती. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांवर, म्हणजे चंद्र आमच्याकडे दहा-बारा मिनिटं आधी पोचायचा. आम्ही मुलं माळवदावर बसलेलो. पूर्वेला सगळा सपाट मुलूख, आडोसा म्हणून काही नाही. चंद्र तांबूस, थोडा चेपलेला, प्रवासात झोप न झालेल्या पाहुण्यासारखा वर येई. आम्ही ओरडायचो, "आई, आला!" खालून उत्तर यायचं, "अजून वेळ आहे. नऊ बावीस." आणि चंद्र दोन बोटं वर चढून, एव्हाना पिवळा होऊन, दाराशी ताटकळत उभा राही. नऊ बावीसला आई निरांजन घेऊन जिना चढायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "बघा, कसा वेळेवर आला."

या चंद्राचं आणि आमच्या घराचं नातं एकंदरीत अवघडच होतं. दर महिन्याच्या वद्य चतुर्थीला त्याला पाहिल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही, आणि भाद्रपदातल्या शुद्ध चतुर्थीला तो नुसता दिसला तरी चोरीचा आळ. त्या संध्याकाळी आई आमच्या डोळ्यांवर पदर धरून आम्हाला अंगणातून घरात न्यायची. तोच चंद्र, तीच आई. एखाद्या माणसाशी कुणी असं वागलं असतं तर त्यानं येणं-जाणं सोडलं असतं.

मी दुसरीत असताना अष्टग्रही झाली. 1962 चा फेब्रुवारी. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकर राशीत एकत्र येणार, आणि त्या गर्दीत जगाचं काही खरं नाही, असं देशभर बोललं जात होतं. ठिकठिकाणी यज्ञ पेटले होते. आमच्या घरात यज्ञ नव्हता, आजी होती. आत्याच्या लग्नासाठी तिनं ट्रंकेत चार नव्याकोऱ्या चादरी ठेवल्या होत्या. घड्याही न मोडलेल्या, खळीचा वास असलेल्या. वर्षभर त्या ट्रंकेला हात लावायची आम्हाला बंदी. त्या रविवारी रात्री आजीनं ट्रंक उघडली, चारही चादरी काढल्या आणि आमच्या अंगावर पसरल्या. "आता ठेवून काय करायच्यात?" एवढंच म्हणाली. जगबुडीची माझी आठवण म्हणजे नव्या चादरीची ऊब. इतकी गाढ झोप मला नंतर क्वचितच लागली असेल.

सोमवारी पहाटे मिलचा भोंगा झाला. रोजच्यासारखाच, तितकाच कर्कश. जग वाचलं हे आम्हाला भोंग्यानं सांगितलं. आजीनं दोन क्षण ऐकलं आणि आमच्या अंगावरच्या चादरी ओढून घेतल्या. "उठा, उठा, चुरगळतील." आत्याचं लग्न मेमध्ये झालं तेव्हा रुखवतात त्याच चादरी होत्या, एकदा धुतलेल्या. सासरच्यांनी विचारलं की नाही ठाऊक नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? की मध्ये एकदा प्रलय येऊन गेला?

पुढे हातात खगोलाचं एक पुस्तक आलं तेव्हा या प्रकरणातली खरी गंमत कळली. ज्या मेळ्यानं देश हवालदिल झाला तो आपल्याकडे कुणालाच दिसला नव्हता. मेळ्याच्या मधोमध सूर्यच बसलेला, त्याच्या उजेडात पाच ग्रह बुडालेले. चंद्र होता, पण अमावास्येचा. त्यानं 5 तारखेला सूर्याला खग्रास झाकलंही, पण न्यू गिनीच्या बाजूला. राहिला केतू. पुराणात त्याला निदान धड तरी आहे, गणितात तेही नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो एक बिंदू, बस. आठ पाहुणे आले, सूर्य सोडला तर एकाचंही तोंड दिसलं नाही, आणि आम्ही मात्र घरातली सगळी अंथरुणं काढून बसलो होतो.

त्यामानानं 2025 च्या जानेवारीतले ग्रह फारच मोकळे वागले. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र, त्याच्याजवळ मंद शनी, डोक्याशी गुरू, पूर्वेला तांबडा मंगळ. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं गाव भारलेलं. नातीला घेऊन गच्चीवर गेलो. "एका रेषेत" म्हणून बातम्यांत आलं होतं, म्हणून ती पट्टी घेऊन आली होती. तिला सांगितलं की हे सगळे सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे केव्हाही दिसले तरी रांगेतच दिसायचे. मागावरचा धोटा जसा ठरल्या वाटेनंच इकडून तिकडे जातो, तसे. नातीनं माग पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतला खटखटाट थांबून वर्षं झाली. मग धोटा म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला आणि शुक्र बराच खाली उतरला. मधल्या वेळात ज्याला आम्ही मंगळ समजून भक्तिभावानं बघत होतो तो होम मैदानावरच्या आकाशपाळण्याचा लाल दिवा निघाला. तो फिरायला लागला तेव्हा लक्षात आलं. शेजारचे गृहस्थ गच्चीवर येऊन हळूच म्हणाले, "काका, याचा मकरेला काही त्रास?" मी म्हटलं, "थंडी आहे, कानटोपी घाला." ते खरोखर जाऊन घालून आले.

अध्यात्म मला विचाराल तर ते मला एकदाच, तेही पायांना, जाणवलं. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला लोक चालत जातात. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता त्या रात्री माणसांनी भरून वाहतो. मी आईबरोबर गेलो होतो. तामलवाडीच्या पुढे माझे पाय बोलायला लागले. चंद्र बरोबर डोक्यावर होता, रस्ता दुधात भिजवलेल्या भाकरीसारखा मऊ दिसत होता आणि शेकडो अनवाणी पावलांचा एकच आवाज येत होता, पाखडल्यासारखा. आई मान वर करून चालत होती. मी विचारलं, "आज किती वाजताचा आहे ते नाही बघितलंस?" ती म्हणाली, "आज कशाला? आज तो आपल्याबरोबर निघालाय."

आईला जाऊन वीस वर्षं होत आली. आता फोनवर सोलापूरची चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट मिळते. संकष्टीला मी त्या वेळी गच्चीवर जातो, तो उगवलेला बघतो आणि काही न करता उभा राहतो. निरांजन दहा मिनिटांनी लावतो.

तुम्हीही कधी संकष्टीला सोलापुरात असलात तर वर या. खुर्च्या आहेत.