झाकला सीपीयू सव्वा लाखाचा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर, मे महिन्याची अखेर

संगणकरक्षक, धूलिनिवारक, मखमलभूषण श्रीमान कव्हर यांसी,
मुक्काम : सध्या आमच्या गच्चीवरची दोरी

सा. न. वि. वि.

पत्र खुलं आहे. मुद्दामच लिफाफ्यात घातलेलं नाही. झाकून ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं, हे आपल्या कृपेनं नुकतंच कळलं आहे.

आपला जन्म २०१२ च्या दिवाळीतला. घरात कॉम्प्युटर आला आणि आठवड्याच्या आत आपणही अवतरलात. हॉलचा मरून मखमली पडदा उतरवून आईनं पायमशीनवर तीन कव्हरं शिवली : एक मॉनिटरचं, एक कीबोर्डचं, आणि थोरले आपण, सीपीयूचे. कडेनं सोनेरी लेस. "एवढ्या पैशाची वस्तू उघडी टाकतोस व्हय रं?" या एका प्रश्नापुढं माझं शिक्षण तेव्हाही चाललं नाही. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या हँडलला आहे, टीव्हीचा रिमोट अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्ये आहे. उघडं हिंडायचा परवाना फक्त मला आणि मांजराला.

(अख्ख्या खोक्याला सीपीयू म्हणणं चूक आहे, सीपीयू म्हणजे आतली नखाएवढी चकती, हे मला ठाऊक आहे. पण सगळं गाव खोक्यालाच सीपीयू म्हणतं, तेव्हा मीही म्हणणार.)

तर साहेब, आपण चौदाव्या वर्षापर्यंत इमानेइतबारे पहारा दिलात. रोज रात्री काम संपलं की आपण चढायचे. सकाळी आपल्याला पुढून वर दुमडायचं, बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. मागचा पदर मात्र तसाच खाली सोडलेला. मागं कोण बघतंय? भिंतच तर आहे. आपली खरी कर्तबगारी त्या मागच्या पदराखाली चालली होती, हे कळायला यंदाचा मार्च उजाडावा लागला.

मार्चअखेर म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे, आपण तिथंच होतात. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीचे हिशेब मी घरी बसून लिहितो. हंगाम संपत आलेला, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, उचल, सगळं जुळवायचं. सकाळी साडेअकराला मशीन पटकन बंद. मला वाटलं लाइट गेली. पंखा फिरत होता. पुन्हा चालू केलं, वीस मिनिटांनी पुन्हा अंधार. दुपारी तर दहाच मिनिटं तग धरला. मी यूपीएसला शिव्या दिल्या, वायरिंगला दिल्या, अडतवाल्यालाही मनातल्या मनात दोन दिल्या. आपल्यावर संशय गेला नाही. मखमलीवर कोण संशय घेतो?

मग रिक्षात घालून आम्ही दोघंही दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तो माणूस एकटा नाही, तशी जमातच आहे. त्यानं खोकं उघडलं नाही. वरून हात फिरवला, गेलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि म्हणाला, "साहेब, बोर्ड गेलाय. चौदा वर्षं म्हंजे लय झाली. आता ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." वर आपल्याकडं बघून, "कव्हर बाकी झकास हाय." आठवतंय? तेव्हा आपल्या लेसेवर काय तेज आलं होतं!

खरं तर याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला. उद्यमनगरात आजही भंगारातलं इंजिन उचलून चालतं करणारे हात आहेत. त्या गावात एका पेटीचे दोन स्क्रू फिरवायचा कंटाळा! मीही त्यातलाच. नव्या मशीनचं कोटेशन खिशात घालून घरी आलो.

वाचवलं ते भाच्यानं. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. त्यानं विचारलं, "मामा, हा कधी उघडून बघितलाय?"

"उघडायचा कशाला? कव्हर आहे की."

हे वाक्य माझं आहे, हे मान्य करतो. आपण कटातले मुख्य आरोपी, मी माफीचा साक्षीदार.

आता पंचनामा. मागचे दोन स्क्रू काढून डावीकडचा पत्रा सरकवला. वरवर बघता सगळं ठीक : पंखा दिसतोय, थोडी धूळ, एक पालीचं फुटकं अंडं. मी म्हणालोच, "बघ, स्वच्छ आहे." भाच्यानं पंखा सोडवून उचलला. त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर एक गादी होती. चांगली जाड, करड्या रंगाची, हातानं उचलली तर एकसंध निघाली. नीट घडी घातली असती तर आपल्याला धाकटा भाऊ मिळाला असता.

त्या गादीत काय होतं ते ऐका. देवघर शेजारीच, म्हणून उदबत्तीची राख. स्वयंपाकघर पलीकडं, म्हणून फोडणीचा तेलकट धूर. रविवारी तांबड्या रश्श्याला जे वर येतं ते सगळं धुळीला चिकट करून ठेवतं. उसाच्या हंगामात पाचट पेटतं, कारखान्यांची धुराडी चालतात आणि वाळत घातलेल्या धोतरावर काळे तुकडे येऊन बसतात, तीच काजळी इथंही. आणि या सगळ्याला घट्ट विणून धरणारे बारीक, मऊ, मरून रंगाचे धागे.

मरून.

आमच्या घरात मरून मखमल एकच आहे रे. चौदा वर्षं रोज तुला चढवला, रोज उतरवला, आणि रोज तू आपली लव झाडून त्या पंख्याच्या तोंडात देत होतास! धुळीपासून वाचवायला ठेवलेला पहारेकरी स्वतःच पोती भरून धूळ आत पोचवत होता!

माफ करा, 'अरे-तुरे' वर आलो. आम्हा कोल्हापूरकरांचं 'अहो-जाहो' फार वेळ टिकत नाही.

तर श्रीमान, आपल्या पहाऱ्याची गंमत मला भाच्यानं समजावली. खोक्याच्या आत धूळ कधी जाते? मशीन चालू असताना. पंखा पुढून हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते आणि पात्यांच्या फटीत अडकते. मशीन बंद असताना धूळ बसते ती फक्त टपावर, ती फडक्यानं पुसता येते. म्हणजे चोर येतो दिवसाढवळ्या आणि आपण राखण करता रात्रीची. दिवसा मात्र आपण कुठं असता? मागच्या जाळीवर, पदर पसरून. आतली तापलेली हवा जिथून बाहेर पडायची नेमक्या त्याच दारात. ती हवा आपल्याला धडकून परत फिरायची, पंखा तीच पुन्हा ओढायचा, आणखी तापवायचा.

या मशीनमधला प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. पूर्ण जोरात चालला की ६५ वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. पूर्वीचा साठचा पिवळा बल्ब आठवा, तेवढी ऊब, पण नखाएवढ्या जागेतून. ती जागा आणि वरची ॲल्युमिनियमची पाती यांच्यामध्ये एक राखाडी पेस्ट असते, दोन धातूंच्या मधल्या बारीक फटी भरून उष्णता पलीकडं पोचवणारी. आमची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. म्हणजे खाली खडू, वर गादी, मागं मखमल, आणि खोलीत मार्चचं ऊन. पंखा खोलीतल्याच हवेनं वारा घालतो. खोली छत्तीस अंशांवर गेली तर प्रोसेसर त्याच्या खाली कुठून येणार? खासबागेतल्या पैलवानाला घोंगडं पांघरायला द्यायचं, नाकाला फडकं बांधायचं आणि म्हणायचं, आता हजार जोर काढ. तो बिचारा प्रोसेसर शंभरीजवळ पोचला की आधी स्वतःच वेग उतरवायचा, मी म्हणायचो, "जुना झाला, स्लो झाला." तरीही भागेना तेव्हा जळू नये म्हणून मशीन स्वतःला बंद करून घ्यायचं. ज्याला आम्ही मरण समजत होतो, तो त्याचा जीव वाचवायचा खटाटोप होता.

आपल्या साथीदारांचीही नोंद करतो. पहिलं ते संगणक टेबल, ज्यात सीपीयूसाठी दाराचा कप्पा असतो आणि कप्प्याला मागं फळी मारलेली असते; कपाटात शेगडी ठेवून दार लावावं तसं. दुसरा माझा शेजारी. गॅरेजवाला, माणूस दिलदार. "आण हिकडं, कॉम्प्रेसर मारतो," म्हणाला. भाच्यानं हात जोडले. टायरला हवा भरायच्या त्या नळीतून पाणी आणि तेलाचे शिंतोडे येतात, आणि त्या जोरावर पंखा असा भिरभिरतो की बेअरिंगच जायचं. साधा रंगाचा ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरला. फुंकताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, एवढंच पथ्य. तिसरा साथीदार म्हणजे मीच सुचवलेला उपाय : पत्रा उघडाच ठेवून समोर टेबलफॅन लावायचा. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट धूळ. शिवाय पुढून आत आणि मागून बाहेर ही हवेची वाट मोडते ती वेगळीच.

एक दुपार गेली. जुनी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, नवी तुरीच्या डाळीएवढी मधोमध ठेवली. मी ती सुरीनं लोण्यासारखी फासणार होतो, भाच्यानं सुरी काढून घेतली. वरचा दाब तिला हवी तेवढी पसरवतो म्हणे. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. घड्याळ सारखं मागं जायचं म्हणून बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल बदलला. पुन्हा चालू केलं. आधी अठ्ठ्याण्णवला टेकणारा आकडा छप्पन्न-अठ्ठावन्नच्या पुढं जाईना. सगळा खर्च एका कुटुंबाच्या मिसळीएवढा. "गेलेला" बोर्ड जागेवरच होता, कुठं गेला नव्हता.

मग माझीच हाव वाढली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी बसवली, रॅम चारची आठ केली. पूर्वी बटण दाबून मी चहा टाकायला जायचो. आता पातेलं गॅसवर ठेवेपर्यंत मशीन वाट बघत बसलेलं असतं. विंडोज दहाचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकरा या वयाच्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, म्हणून इंटरनेटच्या कामाला लिनक्स मिंट घातलं. हिशेबाचं जुनं विंडोज त्या जुन्या डिस्कवर तसंच, त्याला नेटचं तोंड दाखवायचं नाही. ते टाकून देता येत नाही, कारण गल्लीतल्या मंडळाची वीस वर्षांची इतिवृत्तं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत आणि नव्या मशीनवर उघडली की गणेशोत्सवाची वर्गणी चिनी भाषेत वाचायला मिळते. सातबारा, दहावीचा निकाल, लग्नाचा बायोडाटा, सगळी गल्ली अजून याच खोक्यापाशी येते.

आपल्या बाजूनंही एक नोंद घ्यायला हवी, नाहीतर अन्याय होईल. २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची खूण मागं टाकून पंचावन्न फूट ओलांडले, तेव्हा सीपीयू माळ्यावर चढला आणि आपणही अंगावर होतात. "कव्हर होतं म्हणून वाचला," असं आई आजही सांगते. वाचला तो माळ्यामुळं. आपण फक्त ओल शोषून घेतली आणि पाणी उतरल्यावर महिनाभर ती त्याच्या अंगाला लावून बसलात. पण हे तिला कोण सांगणार?

आणि खरी अडचण तिथंच आहे. आई मावशीकडं गडहिंग्लजला गेली, म्हणून ही सगळी शस्त्रक्रिया झाली. सध्या सीपीयू टेबलाच्या कप्प्याबाहेर, फळकुटावर, भिंतीपासून वीतभर लांब, उघड्या अंगानं बसला आहे. परवा ती परत येते. आल्याआल्या पहिला प्रश्न काय असणार हे आपल्यालाही माहीत आहे.

म्हणून आपल्याला धुऊन गच्चीवर टाकलं आहे. "वाळलं नाही अजून," एवढंच सांगणार. जून लागला की गगनबावड्याकडून ढग येतील, आणि एकदा कोल्हापूरचा पाऊस बसला की मखमल गणपतीपर्यंत काही वाळत नाही. तेवढे महिने मशीनला श्वास घेऊ द्या. आपण दोरीवर निवांत लोंबकळावं, हवा खावी. चौदा वर्षांत आपण ती कुणाला खाऊ दिली नाहीत.

आपला,
माफीचा साक्षीदार

ता. क. : आत्ताच आईचा फोन येऊन गेला. गडहिंग्लजच्या बाजारात लेस स्वस्त मिळाली म्हणून तिनं तीन मीटर घेतली आहे. सीपीयूचं माप विचारत होती.