छातीठोक बासरी

जाझच्या सोवळ्यात बासरी आधीच उपरी. मानाचा पाट ट्रंपेट-सॅक्सोफोनचा. ब्रुकलिनच्या बासरीवादक हर्बी मानने तिला त्या पंगतीत बसवले खरे, पण १९६९च्या ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ या तबकडीत स्वतःच बाटवले. मेम्फिसचे सोल संगीत वाजवणारे स्टुडिओवादक, एकच गुबगुबीत ठेका, डोक्याला ताप नाही. सोवळेकऱ्यांनी कानांवर हात ठेवले. लोकांनी तबकड्या उचलल्या. (त्याच तबकडीत सॉनी शॅरॉकची गिटार मध्येच पिसाळते. पण ती ऐकायला कान मोकळे हवेत ना!)

१९७१च्या ‘पुश पुश’च्या वेष्टनावर तर स्वारी कमरेपर्यंत उघडी, केसाळ छाती, खांद्यावर बासरी. आत ड्वेन ऑलमनची गिटार आहे, मार्विन गेचे गाणे आहे. ते असू दे, बोलायचे ते छातीबद्दलच. पुढे १९७५ साली त्याचे ‘हायजॅक’ हे गाणे अमेरिकेच्या डिस्को यादीत पहिल्या क्रमांकावर. अपहरण कोणाचे झाले, हे शुद्धतावाद्यांनी शीर्षकातच वाचून घेतले असेल. बासरीने मात्र सुटकेसाठी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. तिच्यासमोर आता माणसे नाचत होती.