तात्कालिक कारण

अकरावीला मी कला शाखा घेतली तेव्हा गावातली माणसं "असू दे, असू दे" म्हणाली. म्हणाली ती अशा सुरात, की एरवी तो सूर दहाव्याला आलेले पाहुणेच लावतात. इतिहासाच्या वर्गात आम्ही नऊजण होतो. खोली कौलारू, आणि पावसाळाभर सरांच्या आवाजाला पन्हळीची साथ. शाळेतला इतिहास देवळातल्या पुराणासारखा होता. ऐकायचं आणि मान डोलवायची. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, 'दूरगामी कारणे'. उजवीकडे, 'तात्कालिक कारण'. डावीकडे अनेकवचन, उजवीकडे एकवचन. त्या व्याकरणाच्याच मी प्रेमात पडलो.

उजव्या बाजूला पहिलं नाव आलं ते सारायेव्होचं. २८ जून १९१४. सकाळी ऑस्ट्रियाच्या राजपुत्रावर फेकलेला बॉम्ब फुकट गेला होता, पण नंतर त्याच्या ड्रायव्हरनं चुकीचं वळण घेतलं, गाडी मागे घ्यायला थांबवली, आणि नेमका तिथेच एकोणीस वर्षांचा गाव्हरिलो प्रिन्सिप उभा होता. आमच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा! आम्ही सगळे त्या ड्रायव्हरवर संतापलो. सर शांतपणे म्हणाले, "गाडी मागे घेतल्यानं महायुद्ध होत नाही रे. होत असतं तर आपल्या एस.टी. स्टँडावर दिवसातून चारदा झालं असतं." मग डावी बाजू भरू लागली: गुप्त तह, शस्त्रांची चढाओढ, वसाहतींची हाव, बाल्कनमधली खदखद. १८५७ला उजवीकडे काडतुसं आली. पानिपताला तर डावी बाजू फळा संपून भिंतीवर उतरते की काय असं वाटलं. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतापर्यंतच्या दहाएक वर्षांची पत्रं होती, हे सांगताना सरांचा आवाज असा हळू झाला, जणू ती पत्रं शेजारच्या खोलीत झोपली आहेत.

हे ज्ञान जिरवायला मला एक युद्ध हवं होतं, आणि ते घरात तयार होतं. आमचे आजोबा आणि धाकटे आजोबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधे कमरेएवढा गडगा, गडग्याला लागून फणस. तात्कालिक कारण साऱ्या वाडीला पाठ होतं: आमच्या झाडाचा एक फणस त्यांच्या बाजूला पडला आणि त्यांनी तो खाल्ला. मी दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ मारली आणि आजीसमोर बसलो. आजीच्या साक्षीत वाटणीत गेलेलं तांब्याचं घंगाळ निघालं, आत्याच्या लग्नात राहून गेलेला मान निघाला, आणि कुणीतरी कधीतरी "तुमचं काय बाई" म्हटलं होतं तेही निघालं. शेवटी ती म्हणाली, "आणि फणस कापा होता हो. बरका असता तर मी बोलले नसते."

एकाच साधनावर विसंबू नये, असं सर सांगत. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गडगा ओलांडला. काकूआजीनं मला पाटावर बसवलं, पुढ्यात साठं ठेवली आणि घंगाळापासून सगळं सांगितलं; फक्त घंगाळ उलट्या दिशेनं प्रवास करत होतं. "आणि फणस बरकाच होता," ती ठासून म्हणाली. "कापा असता तर मीच नेऊन दिला असता." उठताना तिनं विचारलं, "तुझ्या आजीचा गुडघा कसा आहे?" हा प्रश्न दोन्ही रकान्यांत बसेना, तेव्हा मी तो वहीत घेतला नाही. इतिहासकार म्हणून ही माझी पहिली चूक.

घरी आजीनं दळण पाखडता पाखडता, सुपावरची नजर न हलवता, विचारलं, "काय म्हणाली?" मी वही उघडली. ती म्हणाली, "ते नव्हे. बारीक झालीय का?" पुढे कधीतरी एक वाटी गडग्यावरून गेली. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यामुळे ती येतच राहिली, जातच राहिली. तह कधी झाला, कलमं कोणती, काही सांगता येणार नाही. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर पाचपैकी शून्य मिळाले असते. आजोबा लोक त्यानंतरही वर्षभर बोलले नाहीत. पण दोघांच्या पानात भाजी एकच असायची.

पुष्कळ वर्षांनी, दोघे आजोबा गेल्यानंतरच्या एका मे महिन्यात, दोघी जावा पडवीत आठळ्या सोलत बसल्या होत्या. मला जुनी खोड आठवली. विचारलं, "तो फणस नक्की कसला होता?"

आजीचे हात थांबले. जावेकडे बघून ती म्हणाली, "बरका होता रे. हिचंच खरं."

"छे हो वहिनी," काकूआजी म्हणाली, "चांगला कापा होता. मला आठवतंय ना."

"अगं, बरका!"

"कापा, वहिनी!"

आवाज इतके चढले की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली.