क्लिंगॉन, व्हाया पंचवटी

माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं आहेत. पुस्तकं जपायची म्हणून नव्हे. आतल्या मुखपृष्ठावर कपाळाला पन्हाळी पडलेला, दात विचकलेला एक इसम असतो आणि तो आल्यागेल्याला दिसू नये, अशी माझी इच्छा असते. कोणी विचारलंच, "काय वाचताय सध्या?" तर मी चष्मा काढतो, काच पुसतो आणि म्हणतो, "मानववंशशास्त्र." पाहुणा चहा संपवून उठतो. सोसायटीत माझी विद्वान म्हणून जी काही पत आहे, ती या एका शब्दावर उभी आहे.

तो इसम क्लिंगॉन, परग्रहावरच्या एका जमातीतला. दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिलेल्यांना तो सांगायला नको. इतरांनी एवढंच लक्षात घ्यावं, की 1967 साली तो मालिकेत आला तेव्हा निव्वळ खलनायक होता. अंगाला काळपट रंग, वाकड्या मिशा, सदा भांडणाच्या तयारीत. घर नाही, दार नाही, आईबाप नाहीत. मग 1984 मध्ये जॉन एम. फोर्डने 'द फायनल रिफ्लेक्शन' लिहिली आणि सगळं फिरवून टाकलं. नायक क्लिंगॉन, तोही अनाथ पोरगा. त्यांच्यात बुद्धिबळासारखा एक खेळ असतो. त्याच्या एका प्रकारात पटावर सोंगट्यांऐवजी जिवंत माणसं उभी करतात, आणि कादंबरी सुरू होते तेव्हा हा पोरगा स्वतःच सोंगटी म्हणून पटावर उभा असतो. त्यांची घराणी, त्यांची भाषा, त्यांचे मानापमान सगळं आतून दिसतं. पृथ्वीवरची माणसं परक्यासारखी येतात आणि तिथल्या लोकांना चमत्कारिक वाटतात. मी ती वाचली आणि दोन दिवस घरात कोणाशी नीट बोललो नाही. घरच्यांना फरक जाणवला नाही, हा भाग वेगळा.

अशा पुस्तकांना टाय-इन कादंबरी म्हणतात. विश्व दुसऱ्याचं, हक्क कंपनीचे, लेखक भाडेकरू. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. आणि 1987 मध्ये नवी मालिका आली तेव्हा मालकाने स्वतःचे क्लिंगॉन नव्याने रंगवले. फोर्डने हौसेने सजवलेलं घर अधिकृत हिशेबातून गेलं. त्याची भाषाही गेली, दुसऱ्याने रचलेली आली. तरी त्या पुस्तकाचे भक्त अजून आहेत. निदान एक तरी नाशकात आहे.

एका साहित्यिक कार्यक्रमात चहाच्या वेळी मी धीर करून हा विषय काढला, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्याच्या पात्रांवर लिहायचं, त्याला का साहित्य म्हणायचं?" उत्तर मला नेहमीप्रमाणे घरी पोचल्यावर सुचलं. अहो, 'ययाति' काय आहे? 'मृत्युंजय' काय आहे? विश्व व्यासांचं, कर्ण व्यासांचा, खिळे ठोकले सावंतांनी. व्यासांच्या वारसांची एनओसी कोणी आणली होती? आणि इरावती कर्वे तर पेशानेच मानववंशशास्त्रज्ञ. एखाद्या अनोळखी समाजात जाऊन नोंदी घ्याव्यात तशा त्या हस्तिनापुरात शिरल्या आणि 'युगान्त' लिहून बाहेर आल्या. म्हणजे पाहुण्यांना मी देतो ते उत्तर अगदीच खोटं नाही. त्याही आधी जात्यावर बसलेल्या बायका सीतेच्या वनवासाची आपली आवृत्ती गात होत्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यातली एकही ओवी कोणा मालकाने मंजूर केलेली नव्हती.

2021 च्या डिसेंबरात साहित्य संमेलन नाशकात भरलं आणि अध्यक्ष म्हणून जयंत नारळीकर निवडले गेले, तेव्हा मला वाटलं, आपले दिवस आले. विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाध्यक्ष! आता एखाद्या परिसंवादाला तरी आपल्याला बोलावतील, म्हणून मी जाकीट इस्त्री करून ठेवलं. नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मला कोणी बोलावलंच नाही, त्यामुळे माझ्या प्रकृतीचा प्रश्न आला नाही. नारळीकरांशी माझं एक नातं आहे, पण ते त्यांना माहीत नव्हतं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. मीही एका मासिकाला आद्याक्षरं उलटी करून कथा पाठवली. ती साभार परत आली, पण उलट्या नावाने. त्या नावाची पाटी सोसायटीत कुठेच नसल्याने पोस्टमन प्रत्येक मजल्यावर मोठ्यांदा विचारत फिरला. मी दार लावून घेतलं.

तर सांगत काय होतो, आपल्या विज्ञानकथेत परग्रहावरचे लोक बहुधा आपल्याकडे येतात. काही शिकवतात, काही इशारा देतात, जातात. त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या चुलीवर काय शिजतंय हे आपण फारसं पाहिलेलं नाही. ही उणीव मीच भरून काढणार, असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. ग्रहही निवडला होता. रिक्षाने जाता येईल असा.

जनस्थान! रामायणात राक्षसांची छावणी जिथे होती ते जनस्थान म्हणजे आमचं हेच गोदाकाठचं गाव, असं आम्ही मानतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा मोठा पुरस्कारही त्याच नावाचा. 1991 साली पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. राक्षसांच्या वस्तीचं नाव एवढ्या मानाच्या पुरस्काराला आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, याचं मला कौतुक वाटतं. 'जनस्थान' नावाच्या कादंबरीच्या लेखकाला 'जनस्थान' मिळाला तर बातमीचा मथळा कसा होईल, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून पाहिलं होतं. दुसरं पान कोरं आहे.

पण डोक्यात सगळं तयार आहे. खर-दूषण या राक्षसांची फौज चौदा हजारांची. चौदा हजार शिपाई म्हणजे त्यांच्या बायका, पोरं, म्हाताऱ्या सासवा धरा. केवढं गाव झालं! यांना धान्य कुठून यायचं? पंचवटीच्या बाजूचा उतार की अलीकडचा, कोण कुठे राहायचं? गंगेला, म्हणजे आमच्या गोदेला, पूर आला की आज आम्ही दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढलं ते बघायला जातो. ते काय बघायचे? रात्री फिरणारी जात, म्हणजे बाजार रात्री भरत असणार. सकाळी झोपायच्या वेळी यज्ञाचा धूर आणि मंत्रांचा गजर सुरू व्हायचा. रात्रपाळी करून आलेल्या कोणालाही विचारा, शेजारच्या मांडवातला भोंगा ऐकून मनात काय येतं. राक्षस यज्ञ का मोडायचे, याचं निदान एक कारण मला त्यावरून कळतं. लग्नं कशी जमायची? मुलीने स्वतः जाऊन विचारायची रीत असावी, कारण शूर्पणखेने तेच केलं. सरळ जाऊन विचारलं. समोरच्यांनी थट्टा केली, एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. तिला थट्टा कळली नाही, कारण तिच्या माणसांत अशा गोष्टीची थट्टा करत नसतील. दोन समाज पहिल्यांदा भेटले की असंच होतं. फोर्डची अख्खी कादंबरी याच्यावर आहे.

ती सीतेच्या अंगावर धावून गेली, हे खरंच आहे. ते मी गाळणार नाही. पण उत्तरकांडातली एक गोष्ट आपण विसरतो. तिचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून मारला गेला होता. ती रडत भावापुढे उभी राहिली, तेव्हा त्याने तिला खराबरोबर दंडकारण्यात पाठवून दिलं. म्हणजे पंचवटीत आली ती माहेराने विधवा केलेली आणि माहेरानेच दूर धाडलेली बाई.

तपोवनात लक्ष्मण तिचं नाक कापतोय असं शिल्प आहे. मागे पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. एक बाप कडेवरच्या मुलीला म्हणत होता, "बघ, ऐकलं नाही की असं नाक कापतात." मुलीने पटकन स्वतःच्या नाकावर हात ठेवला आणि सगळे हसले. मीही हसलो असतो. पण ज्या नाकावरून आमच्या शहराला नाव मिळालं म्हणतात, त्याच्या मालकिणीला इथे कोणी क्षणभर घरची मानत नाही, याचा मला त्या दिवशी राग आला. पाहुण्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मानववंशशास्त्र."

मध्यंतरी कळलं, की कविता काणे यांनी इंग्रजीत शूर्पणखेवर 'लंकाज् प्रिन्सेस' लिहून टाकली आहे. माझा तीळपापड झाला. कोऱ्या पानावर सगळ्यात आधी आपला हक्क, असा माझा समज होता. मग पुस्तक मागवलं. त्याला मात्र कव्हर घातलेलं नाही.

तरी त्यांची नायिका लंकेची राजकन्या आहे. इकडचा रात्रीचा बाजार, पुराचं पाणी, चौदा हजारांच्या सासवा अजून शिल्लक आहेत. नाशकातल्या तरुण लेखक-लेखिकांनो, हे मराठीत कोणीतरी लिहा. परवानगी लागत नाही, मालक तक्रार करणार नाही. माझी वही हवी असेल तर घेऊन जा. पहिलं पान तेवढं फाडून देईन.