तक्रार कसली करता, ट्रेनिंग सुरू झालंय!

मॅनेजमेंट ट्रेनीच्या भरतीतून गेलेल्या पदवीधरांची गाऱ्हाणी ऐकली की एक सूर हमखास लागतो. अर्ज केला, ऑनलाइन अ‍ॅप्टी दिली, जीडी (गटचर्चा) झाली, दोन मुलाखती झाल्या, एचआरच्या मॅडमनी हसून "आम्ही कळवतो" म्हटले, आणि मग ऋतू बदलला तरी कोणी काही कळवले नाही. निवड कशावर झाली, नकार कशामुळे मिळाला, मधली ती विचित्र प्रश्नावली कशासाठी होती, कशाचाच पत्ता नाही. प्रक्रिया बिघडलेली आहे, असा या मुलांचा निष्कर्ष. त्यांच्याविषयी पूर्ण सहानुभूती ठेवूनही तो मान्य करता येत नाही, कारण या साऱ्या व्यवहारात भरतीइतके प्रामाणिक दुसरे काही नाही. जाहिरातीत 'उद्याचे नेतृत्व' हवे असते, कंपनीच्या व्हिडिओत बीन बॅगवर बसून हसणारी माणसे असतात. भरती मात्र आत काय वाढून ठेवले आहे ते रुजू होण्याआधीच दाखवते, आणि तेही फुकट.

अर्जच घ्या. पोर्टल म्हणते, रेझ्युमे अपलोड करा. तो केला की त्यातलाच मजकूर डझनभर चौकोनांत पुन्हा टाइप करायला लावते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर ते शेवटी, आणि सूचना अशी की नाव सर्व कागदपत्रांप्रमाणे भरा. विद्यापीठाने सीजीपीए दिलेला, पोर्टलला टक्केच हवेत, आणि एकाचे दुसरे करण्याचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे. सगळे जमवून शेवटच्या पानावर यावे तर सेशन संपलेले. मुले चिडतात, पण एकच माहिती तीन नमुन्यांत तीन साहेबांसाठी भरणे हेच पुढे त्यांचे काम असणार आहे. तिथे त्याला एमआयएस म्हणतात. अर्जासाठीची पात्रता तर त्याहून मजेची. टाटा समूहाने १९५६ साली टाटा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली तेव्हाची कल्पना सरळ होती: कोवळा पदवीधर घ्यायचा, समूहातल्या निरनिराळ्या कंपन्यांत फिरवायचा आणि कामातून घडवायचा. आता 'ट्रेनी पाहिजे, अनुभव किमान दोन वर्षे' अशा जाहिराती निघतात. घडवण्याचा खर्च दुसऱ्या कोणीतरी आधीच उचललेला बरा, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात चांगलाच मुरलेला दिसतो.

जीडीचा इतिहास तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले आणि १९४२ मध्ये निवड मंडळे नेमली गेली. तिथे विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने नेता न नेमलेला गट उमेदवारांपुढे ठेवला. त्यातली मेख अशी की प्रत्येकाला स्वतः चमकायचे असते, पण दिलेले काम मात्र इतरांना सांभाळून घेतल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत कोण दुसऱ्याला हात देतो, हे परीक्षक पाहत. आपल्या सैन्यदलाचे अधिकारी निवडणारी एसएसबी याच घराण्यातली. ती पाच दिवस चालते आणि तिथे मानसशास्त्रज्ञ असतो. कॅम्पसवर हेच बियाणे पेरले तेव्हा पाच दिवसांची पंधरा मिनिटे झाली, मानसशास्त्रज्ञाच्या जागी मोबाइल पाहणारा विभागीय विक्री व्यवस्थापक आला आणि दहांपैकी दोघेच पुढे जाणार, हे आधीच जाहीर झाले. मग 'निळा रंग पिवळ्यापेक्षा श्रेष्ठ आहे काय' या विषयावर जे होते त्याला मुलेच 'फिश मार्केट' म्हणतात. पहिले वाक्य बोलणाऱ्याला गुण, शेवटी समारोप करणाऱ्याला गुण, आणि मधल्या काळात "मित्रांनो, प्रत्येकाला संधी द्या" असे ओरडून दुसऱ्याची संधी घेणाऱ्याला सर्वाधिक गुण. सोमवारच्या आढावा बैठकीचे इतके हुबेहूब चित्र कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडायचे नाही.

"असे कसे म्हणता? या पद्धती शास्त्रीय आहेत," असा आक्षेप इथे येईल. शास्त्र आहेच. श्मिट आणि हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरचे ८५ वर्षांचे संशोधन एकत्र तपासले. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्या आकडेमोडीतल्या चुका दुरुस्त केल्या. त्या दुरुस्तीनंतर पहिला क्रमांक लागला आखीव मुलाखतीचा: सर्वांना तेच, कामाशी संबंधित प्रश्न आणि उत्तरांना आधीच ठरलेल्या मोजपट्टीवर गुण. प्रत्यक्ष कामगिरीशी तिचा मेळ ०.४२, ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. म्हणजे चांगली पद्धत कोणती ते ठाऊक आहे, आणि तिला खर्च येतो तो कागद, पेन व थोड्या शिस्तीचा. तरीही पॅनेलवरच्या साहेबांचा विश्वास असतो तो 'माणूस पाहताक्षणी ओळखण्या'वर. साहेब मग विचारतात, "तुमची उणीव सांगा." उमेदवार सांगतो की आपण फारच परफेक्शनिस्ट आहोत. दोघांनाही हे खोटे आहे हे माहीत असते, दोघेही गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात, आणि वार्षिक मूल्यमापनाची रंगीत तालीम पार पडते. साहेब न येता लॅपटॉपचा कॅमेराच मुलाखत घेतो, तिथे तर मान डोलावणाराही नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्याने अशा यांत्रिक मुलाखतींसाठी २०२० पासून उमेदवाराला आधी सांगणे आणि त्याची संमती घेणे बंधनकारक केले. हायरव्ह्यू या त्या धंद्यातल्या प्रमुख कंपनीने चेहऱ्यावरून केले जाणारे विश्लेषण सोडून दिल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. आपल्याकडचा उमेदवार अजून पलंगावर चादर नीट करून, भिंतीकडे पाठ करून, कॅमेऱ्याशेजारच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहत हसतो आहे.

यावर कंपन्यांची बाजू अशी: जागा मूठभर, अर्ज हजारोंनी, मग चाळण लावायची नाही तर काय करायचे? म्हणणे रास्त आहे. माझीही अडचण चाळणीबद्दल नाही, तिच्या भोकांबद्दल आहे. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के, मध्ये वर्षाचा गॅप नको, ही अट संगणकाला सोपी पडते म्हणून लोकप्रिय झाली. दहावीत ५८ टक्के मिळालेल्या मुलीने पुढे विद्यापीठात पहिला क्रमांक काढला तरी तिचा अर्ज माणसाच्या नजरेला पडत नाही. घरातल्या आजारपणात वर्ष गेलेल्या मुलाला संकट निभावता येते हे त्याने सिद्ध केलेले असते, पण पोर्टलच्या लेखी तो एक रिकामा चौकोन. आणि हजारो अर्ज येतात ते तरी कोणाच्या आमंत्रणावरून? एका क्लिकवर अर्ज करा, मित्रांना पाठवा, शेअर करा, हा दवंडीचा कार्यक्रम कंपनीचाच. नकाराचे उत्तर पाठवायला मनुष्यबळ नाही, असेही सांगतात. अर्ज मिळाल्याचा ईमेल अर्ध्या सेकंदात यंत्रानेच धाडला होता. त्याच यंत्राला दुसरा ईमेल का जड जावा? मौनाचा फायदा असा की वरच्या यादीतले कोणी गळाले तर खालच्याला "अभिनंदन" म्हणता येते. नाही म्हणून टाकले की तो मार्ग बंद.

निवड झालेल्यांचे पुढचे पाठ महागडे असतात. पॅकेज म्हणून जो आकडा कॉलेजच्या फ्लेक्सवर झळकतो त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, मिळाला तर मिळेल असा बोनस आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. ग्रॅच्युइटी हाती यायला कायम नोकरदाराला साधारणपणे सलग पाच वर्षे काढावी लागतात. तेव्हा "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" या प्रश्नाला, "तुम्ही माझ्या पगारात आजच धरलेली रक्कम घ्यायला रांगेत उभा," हे उत्तर सर्वांत सत्य ठरावे, ते देऊन निवड झाल्याचे उदाहरण मात्र ऐकिवात नाही. ऑफर लेटर म्हणजे वचन, असाही एक गोड समज आहे. अभियांत्रिकीच्या पोरांचा तो आधी फिटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक जणांना अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवले. त्यातल्या अनेकांनी ऑफर लेटर मिळाल्यावर रुजू होण्यासाठीच दोनेक वर्षे वाट पाहिली होती. परीक्षेची अट आधीपासून होती, तीनदा संधी दिली, असे कंपनीचे म्हणणे, आणि ते नोंदवायलाच हवे. पण वाट पाहण्याच्या परीक्षेत ही मुले उत्तीर्ण झाली होती. त्याचे गुण कुठल्याच गुणपत्रिकेत धरले गेले नाहीत.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो एचआरवाल्यांचा म्हणून मनापासून आलेला. उमेदवार कुठे मोठे सज्जन लागून गेलेत? रेझ्युमे चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये चहा आणला त्याला 'स्टेकहोल्डर व्यवस्थापन' म्हणतात, ऑनलाइन चाचणीला शेजारी मित्र बसवतात. आणि कहर म्हणजे ऑफर स्वीकारतात, कागदपत्रे देतात, लॅपटॉप तयार ठेवायला लावतात आणि जॉइनिंगच्या सकाळी गायब! फोन उचलत नाहीत, ईमेलला उत्तर नाही. आरोप शंभर टक्के खरा आहे. ज्यांचा पर्याय खुला आहे त्यांनी स्पष्ट नकार द्यायचा नसतो, समोरच्याला ताटकळत ठेवायचे असते, आणि जास्त चांगले काही मिळाले की दिलेला शब्द विसरायचा असतो, हे सारे या पोरांनी एक दिवसही पगार न घेता आत्मसात केले. एवढी तयारी झालेला मॅनेजर ट्रेनीच्या पगारावर कशाला येईल?