चीफसाहेब ड्युटीवर आहेत

चीफ एमबीबीएस नाही. बीएएमएसही नाही. बीकॉम झालाय, दिवसा ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये विम्याचे क्लेम तपासतो, आणि लॅबमध्ये रक्त द्यायची वेळ आली की सुई निघेपर्यंत पंख्याकडे बघत बसतो. रात्री दहानंतर मात्र एका अख्ख्या शहराची इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस त्याच्या हाताखाली असते. हेडसेट डोक्यावर चढला की आवाज दोन पट्ट्या खाली उतरतो, पाठ ताठ होते आणि दिवसभर "हो सर, बघतो सर" म्हणणारा हा मुलगा कुणाला तरी दरडावतो, "अँब्युलन्स थ्री, लोकेशन बोलो!"

कोपरखैरण्यात हा एकटाच असेल असं समजू नका. घणसोली, नेरूळ, कामोठे, खारघर, जिथे म्हणून घरातल्या पोराला स्वतःची खोली आणि बरं ब्रॉडबँड मिळालं, तिथे एखादा चीफ, गेला बाजार डेप्युटी चीफ तरी निघतोच. आमच्या वरच्या मजल्यावरचा हा त्यातला अस्सल नमुना.

त्याच्या ताब्यातलं शहर म्हणजे लॉस सँटोस. लॉस एंजेलिसवर बेतलेलं, आणि २०१३ साली आलेल्या जीटीए फाइव्ह या खेळात वसलेलं. मूळ खेळ गाड्या पळवण्याचा, दुकानं लुटण्याचा, पोलिसांना हुलकावण्या देण्याचा. पुढे फाइव्हएम नावाची करामत निघाली आणि ज्याला त्याला या शहराचा आपापला सर्व्हर मांडता येऊ लागला. रॉकस्टार कंपनीने आधी त्या मंडळींवर डोळे वटारले आणि २०२३ मध्ये त्यांनाच घरात घेतलं. या सर्व्हरवर रोलप्ले चालतो. एक पात्र घ्यायचं आणि माईकवर बोलत ते जगायचं. आपल्याकडेही हायड्रा टाउनसारखे देशी सर्व्हर उभे राहिले, आणि रात्री अकराला नांदेडचा गुंड, इंदूरचा पोलीस आणि कोपरखैरण्याचा डॉक्टर एकाच चौकात भेटू लागले.

आता बघा, या शहरात माणसाला काहीही होता येतं. दरोडेखोर, स्मगलर, टोळीचा म्होरक्या. घरचे विचारणार नाहीत, पोलीस खरे नाहीत. एवढी मोकळीक असताना आमच्या चीफने काय निवडलं, तर नोकरी. तीही शिफ्टची. मराठी माणसाला स्वर्गात पाठवलं तरी तो आधी तिथे पर्मनंट होण्याची चौकशी करेल, हे माझं जुनं मत आहे.

आणि नोकरी म्हणजे कसली! ट्रेनी, ईएमटी, पॅरामेडिक, डॉक्टर, डेप्युटी चीफ, चीफ अशी उतरंड. हजेरीची शीट. आठवड्याचे ड्युटीचे तास भरले नाहीत की कारणे दाखवा नोटीस. रविवारी रात्री अकराला स्टाफ मीटिंग, तिचं इतिवृत्त, इतिवृत्ताला मंजुरी. मागच्या गणपतीत अर्धा स्टाफ कोकणात गेला तेव्हा रजेचे अर्ज चीफने स्वतः छाननी करून निकाली काढले. दीड दिवसाचा गणपती असणाऱ्याला पाच दिवसांची रजा नाकारली. "काका, गौरी-गणपतीत टोळ्यांची मारामारी थांबत नाही ना," असं मला जिन्यात सांगितलं. ऑफिसात त्याची स्वतःची रजा मात्र तीन महिने मॅनेजरकडे पडून आहे. तिची आठवण करून द्यायची त्याला भीड वाटते.

एकदा त्याच्या आईने मला वर बोलावलं, "बघा तरी, काय करतो ते." म्हणून मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. लीजन स्क्वेअरजवळ मोटरसायकलवरून एक जण पडला होता. आमची अँब्युलन्स दिवे फिरवत, सायरन वाजवत निघाली. लाल सिग्नलला चीफने गाडी हळू केली, दोन्ही बाजू बघितल्या, मग पुढे काढली. खेळातल्या सिग्नलला! पामबीच रोडवर भल्याभल्यांना न जमलेली गोष्ट.

पेशंट रस्त्यावर आडवा. चीफ गुडघ्यावर बसला आणि टाईप केलं, "नाडी तपासतो." मग खाली दुसरी ओळ, "नाडी लागतेय का?" आता इथे खरी गंमत. नाडी लागते की नाही हे डॉक्टरला कसं कळणार? तर पेशंटच टाईप करून कळवतो. बेशुद्ध पडलेल्या त्या गृहस्थाने कळवलं, "लागतेय, पण मंद." चीफने विचारलं, "पायाचं हाड मोडलंय का?" पेशंटने थोडा विचार केला. "मोडलंय." मग जरा थांबून, "दोन ठिकाणी." स्वतःचं निदान इतक्या समंजसपणे करणारा पेशंट मी वाशीच्या एकाही ओपीडीत बघितलेला नाही. तेवढ्यात बेशुद्ध माणसाच्या माईकमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. चीफ गंभीरपणे म्हणाला, "सर, आप अनकॉन्शस हो, माईक म्यूट करो." शिट्टी थांबली आणि स्ट्रेचर निघालं.

पिलबॉक्सच्या इस्पितळात प्लॅस्टर झालं, बिल निघालं, आणि तिथे पेशंट पुरता शुद्धीवर आला. "भाई, पहचान में थोडा कम करो ना." लॉस सँटोसमध्ये राहून आला तरी माणूस आपलाच. चीफ बधला नाही. रेटकार्डावर बोट ठेवलं. संताप अनावर झाला की त्याची हिंदी संपते आणि मराठी सुरू होते. त्या रात्री ती सुरू झाली नाही, एवढंच पेशंटचं नशीब.

नियमांच्या बाबतीत तो कर्मठ. मेल्यानंतर पुन्हा जिवंत झालेल्याने आपल्याला कुणी मारलं ते आठवायचं नाही, हा या जगातला मोठा नियम. बाहेरून मिळालेली माहिती आत वापरायची नाही, हा दुसरा. एका पॅरामेडिकने कुणाचं तरी थेट प्रक्षेपण बघून जखमी माणूस शोधला आणि त्याचा जीव वाचवला. चीफने त्याला आठ दिवस निलंबित केलं. जीव वाचला हे मान्य, पण मार्ग नियमबाह्य. हा मुलगा मंत्रालयात असता तर फार वर गेला असता.

मध्यंतरी तर एक खराखुरा डॉक्टर भरतीला आला. एमडी करणारा, वॉर्डातली लांबलचक ड्युटी संपवून विरंगुळा म्हणून आलेला. चाचणीत त्याला गोळी लागलेला पेशंट दिला. त्याने बघितलं, "अरे, याला ओटीत घ्या, बोलत काय बसलाय," म्हणाला आणि अर्ध्या मिनिटात मोकळा झाला. नापास! ना नाडीची ओळ टाईप केली, ना रेडिओवर कळवलं, ना पेशंटला त्याचं दुःख मांडायला वाव दिला. "काका, त्याला येतं सगळं," चीफ हळहळला, "पण प्रोसिजर नाही." मग त्या एमडीला शिकाऊ म्हणून एका सीनियरच्या गाडीत बसवलं. सीनियर बारावी कॉमर्सला होता.

घरात या पदाची किंमत कुणाला नाही. वडील तुर्भ्याच्या मार्केटयार्डात हिशेब लिहून निवृत्त झालेले. त्यांचा एकच सवाल, "चीफ ना तू? मग पगार?" पगार असतो, भरपूर असतो, पण तो लॉस सँटोसमध्येच खर्च करावा लागतो. आईची तऱ्हा वेगळी. सर्व्हर बंद करून चालू करायचा असला की शहरात "त्सुनामी येतेय, घरी जा" अशी हाकाटी होते. पहिल्यांदा चीफ हे माईकवर ओरडला तेव्हा माऊलीने खाडीकडची खिडकी लावून घेतली आणि गच्चीवरचे पापड उतरवले. आता ती ऐकते आणि म्हणते, "आली का? मग आता जेव."

मात्र खऱ्या सेवेची माहिती त्याला तोंडपाठ आहे. राज्याची १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ अद्ययावत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. खेळात एक कळ दाबली की बाहुलं आपणहून छाती दाबू लागतं, पण चीफच्या हाताखालच्या ट्रेनीला मोठ्याने आकडे म्हणावे लागतात. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांपर्यंत दंड आहे, हे तो सायन-पनवेल हायवेवर स्कूटीवरून शेजारच्या गाडीवाल्याला काच ठोठावून सांगतो. तिथे मात्र हिंदी शेवटपर्यंत टिकते.

तळमजल्यावरचे आजोबा जिन्यात पडले तेव्हा हे सगळं एकदम बाहेर आलं. कपाळाला खोक, आजूबाजूला आम्ही दहा जण. सेक्रेटरी कांदा शोधतायत, कुणी पाणी पाजायला धावतंय. चीफने १०८ लावला. फोन लागतो पुण्याच्या नियंत्रण कक्षात, आणि नवी मुंबईत सेक्टर पंधरा म्हटलं तर वाशीलाही आहे, नेरूळलाही आहे, खारघरलाही आहे. घाबरलेला माणूस नुसता सेक्टर सांगतो आणि गाडी भलत्याच नोडला जायची धास्ती. लॉस सँटोसच्या नकाशावर मात्र चौकाचौकाला पोस्टल नंबर असतो, त्यामुळे चीफला मोघम पत्ता सहनच होत नाही. "कोपरखैरणे. सेक्टर पंधरा, कोपरखैरण्याचा. लँडमार्क पाण्याची टाकी, गेट मागच्या बाजूला. पुरुष, सत्तरच्या पुढे. शुद्धीवर आहेत, श्वास नीट, डोक्याला मार. पाणी दिलेलं नाही, हलवलेलं नाही. माणूस गेटवर उभा करतो." एका दमात. हे सगळं तो भिंतीवरच्या मीटरकडे बघत बोलला, कारण खोकेतून रक्त येत होतं.

गाडी थेट मागच्या गेटला लागली. गाडीतल्या डॉक्टरांनी आजोबांना तपासलं, चीफला दोन प्रश्न विचारले, त्याने नेमकी उत्तरं दिली. "मेडिकलला आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, क्लेम्सला," चीफ म्हणाला आणि पायरीवर बसून घेतलं. त्याला लिंबूपाणी आम्ही दिलं. आजोबांना टाके पडले. ते आता ठणठणीत आहेत आणि जिना कसा धुवावा यावर सोसायटीला रोज सूचना देतात.

चीफकडे सध्या भरती चालू आहे. नाइट शिफ्टला माणसं कमी पडतात, दिवाळीत तर फारच. वय अठरा पूर्ण, माईक स्वच्छ, मागे कुकर नको. रविवारच्या मीटिंगला हजेरी सक्तीची. कुणी खरोखरच डॉक्टर असेल तर त्याने अर्ज जरूर करावा, फक्त मुलाखतीत तसं बोलू नये.